दाराजवळची वही

गोडादरा हा सुरत शहराचा एक भाग. कापडाच्या धंद्यापायी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथे राहतात. अशाच एका गल्लीत, घराच्या माडीवर, मी सायंकाळी मुलांची शिकवणी घेतो.

एके दिवशी सातवीतील एक मुलगा भीतभीत जवळ येऊन म्हणाला, "सर, पंख्याच्या बटणातून ठिणगी उडते." मी फळ्यावर गणित मांडीत होतो. "अभ्यास टाळावयास तुला निमित्तच हवे! बस जागेवर," असे म्हणून मी त्याला गप्प केले. तो बसला, आणि पुन्हा काही सांगावयास आला नाही.

पुढे २४ मे २०१९ रोजी आमच्याच शहरातील सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली. वरच्या मजल्यावर वर्ग चालू होता. लाकडी जिना जळून वाट बंद झाली. कित्येक मुलांनी जीव वाचविण्यासाठी वरून उड्या टाकल्या. त्या दिवशीच्या आगीने २२ जणांचा बळी घेतला.

ती रात्र मी जागून काढली. सकाळी वायरमनला बोलावले. बटण उघडताच आतील तार करपलेली दिसली. मी त्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागितली.

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील पिपलोदी गावी शाळेचे छत कोसळून ७ मुले दगावली. वरून खडे पडत असल्याचे आम्ही आधीच सांगितले होते, असे वाचलेल्या मुलांनी सांगितले. ते वाचताना मला माझेच शब्द आठवले: "बस जागेवर."

वाचकहो, भिंतीची भेग प्रथम दिसते ती तिच्याखाली बसणाऱ्या मुलाला. परंतु गुरुजी रागावतील, सोबती चहाडखोर म्हणतील, या भयाने तो मुका राहतो. म्हणून मी दाराजवळ एक वही टांगली व तिला पेन्सिल बांधली. नाव लिहिण्याची सक्ती नाही; लहानांनी चित्र काढले तरी चालते. दर शनिवारी मी वही मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक नोंदीसमोर काय केले, किंवा का झाले नाही, ते लिहितो. ठिणगी, धूर, तुटलेली तार दिसल्यास मात्र वहीची वाट न पाहता, परवानगी न मागता ओरडून सांगावे, असा नियम केला आहे.

पहिला महिना वही कोरीच राहिली. मग एका अनामिकाने लिहिले, "जिन्यात चपलांचा ढीग असतो. पळावे कसे?" चपला जिन्यात काढण्याचा हुकूम माझाच होता! त्याच दिवशी मी तो रद्द केला व तसे वहीत लिहिले. तेव्हापासून पाने भरू लागली. वहीपेक्षा तिच्यातील उत्तरानेच मुलांना धीर दिला.

आज रात्री जेवताना आपल्या मुलाला विचारा: "शाळेत तुला कशाची भीती वाटते?" तो बोलू लागला म्हणजे हातातील घास क्षणभर थांबवा, आणि उद्या त्याच्याबरोबर शाळेत जा.