गोधडी आणि गटार

अमेरिकेतल्या मराठी घरात बेसमेंटचा मान दिवाणखान्यापेक्षा काकणभर जास्तच! नाटकाच्या तालमी, गणपतीचे मखर, भारतातून आलेल्या पाहुण्यांचा मुक्काम, सगळे तिथेच. त्यामुळे तिथे गटाराचे पाणी उलटे वर आले, की नुसता गालिचा भिजत नाही.

मार्च 2023 मधल्या एका रविवारी आमच्याकडे हे घडले. वर वॉशिंग मशीन चालू होते आणि खाली जमिनीतल्या जाळीतून काळे पाणी बुडबुडत होते. तेव्हा आई आलेली होती. ती सवयीने झाडू शोधू लागली, तिला जिन्यावरच थांबवले.

मंडळी, अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे मशीन, नळ, फ्लश सगळे बंद. घरातले सांडपाणी एकाच पाइपातून बाहेर जाते. तो तुंबला, की वर ओतलेला प्रत्येक तांब्या सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर येतो. दुसरी गोष्ट वीज. पाणी प्लगपर्यंत किंवा वायरींपर्यंत पोचले असेल तर त्यात पाय घालायचा नाही. कोरड्या जागी उभे राहून ब्रेकर पाडता आला तरच पाडायचा, नाहीतर वीज कंपनीला फोन. आमचे पॅनेल गॅरेजमध्ये, म्हणून निभावले. तिसरे, मुले आणि वडीलधारे तिथून लांब. या पाण्यात ई. कोलाय, नोरोव्हायरस, हेपॅटायटिस ए असे काहीही असू शकते. रबरी बूट, हातमोजे, चष्मा, मास्क घालूनच आत जायचे. आधी साबणाने धुवायचे, मग खिडक्या उघडून पातळ केलेले ब्लीच; ते अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळले तर विषारी वायू होतो. आणि 24 ते 48 तासांत सगळे वाळायला हवे, नाहीतर बुरशी धरते.

प्लंबरने पाइपात कॅमेरा घातला. आम्ही आयटीवाले जन्मभर 'रूट कॉज' शोधतो. इथे ते शब्दशः मूळच निघाले! अंगणातल्या मेपलची मुळे पाइपाच्या सांध्यात शिरली होती. रस्त्यापर्यंतचा हा पाइप बऱ्याच गावांत घरमालकाच्या जबाबदारीचा असतो. घराच्या नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, 'वॉटर बॅकअप'चे कलम वेगळे घ्यावे लागते. आमच्याकडे ते होते.

पण विम्याच्या यादीत आजीच्या गोधडीची किंमत काय लिहिणार? तिच्या जुन्या लुगड्यांची ती गोधडी 2004 साली एमएसला येताना माझ्या बॅगेत होती. आता पाहुण्यांच्या पलंगावरून सरकून पाण्यात पडलेली. गरम पाण्यात धुता येणारे कपडे वाचतात. गादी, उशा, गालिचे टाकावेच लागतात. गोधडीचे थर आतपर्यंत भिजलेले. हातमोजे घालून मी नुसता बघत उभा राहिलो.

आई जिन्यावरून म्हणाली, "टाक रे ती. आजीने ऊब मिळावी म्हणून शिवली होती, आजारी पडायला नाही."

काळ्या पिशवीची गाठ मारायला मला जरा वेळच लागला.

पुढे पाइप बदलून घेतला. तुमच्या विम्याचे कागद आजच एकदा काढून बघा. आणि हो, पुढच्या खेपेस आई येताना बॅग भरून जुन्या सुती साड्या घेऊन आली. सुई-दोरा काय, इथेही मिळतो!