डावीकडचा लाल

हर्णैच्या बंदरातल्या ट्रॉलरच्या केबिनला बाहेरून, डाव्या अंगाला, हा दिवा चिकटलेला असतो. मुठीएवढा, लाल काचेचा. उजवीकडे हिरवा भाऊ, डोलकाठीवर आणि मागे एकेक पांढरा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी या भावंडांच्या वाटण्या करून दिल्यात. लालच्या वाट्याला नाकासमोरून डावीकडे ११२.५ अंश. त्यापलीकडे उजेड सांडायचा नाही. तो सांडतही नाही.

खोट स्वभावात नाही, नशिबात आहे. हा ज्यांच्यासाठी जळतो ती माणसं दुसऱ्याच जहाजावर असतात. सुकाणूवरच्या तांडेलाला हा दिसतच नाही. इंजिनाचा आवाज जरा बदलला की खलाशी माना वळवतात, फिशफाइंडर बंद पडला तर शिव्यांची लाखोली. हा विझून महिना उलटला तरी कुणाच्या गावी नसतं. मासळी ओढायला काही बोटींवर हजारो वॉटचे एलईडी लखलखतात, तेही २०१७ च्या केंद्राच्या बंदीला न जुमानता. त्यांची निगा मात्र चोख.

तिकडे कंटेनर जहाजावरच्या अधिकाऱ्याला उजव्या हाताला लाल दिसला की कळतं, कुणीतरी आडवं येतंय, वाट आपण सोडायची. लाल मेलेला असेल तर उरतो एकटा पांढरा, आणि त्यावरून वाटतं की होडी पाठमोरी चाललीय किंवा नांगरून पडलीय. एवढ्या अवजड जहाजाला गैरसमज दुरुस्त करायला फार वेळ लागतो.

बरं, हा आजारी पडतो तेही सरळपणे नाही. बल्ब काढून बॅटरीला लावावा तर झक्क पेटतो. मीटर लावावा तर होल्डरपाशी १२.६ व्होल्ट. सगळं ठीक, फक्त उजेड नाही! नवखा वायरमन इथेच फसतो. मीटरला जेमतेम करंट लागतो. खारानं खाल्लेल्या तारेत एक केस शाबूत असला तरी तो व्होल्ट दाखवतो. बल्बनं अँपिअरभर मागितला की तोच केस दम सोडतो. म्हणून जुने कारागीर मीटर खिशात ठेवून दोन वायरींचा टेस्ट लॅम्प काढतात. मला तेच शहाणपणाचं वाटतं. अर्धवट आजार तर त्याहून फसवा. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की साध्या बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी उतरतो. धक्क्यावरून लाल दिसतो, फार लांबून नाही.

केबिनमधला स्विच म्हणजे घरातला गोडबोल्या. खटका वर, म्हणजे चालू, असं तो छातीठोक सांगतो आणि आत संपर्काच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. दोनदा खटखटवला की दिवा लागतो, म्हणून कुणी बदलत नाही. लाल-हिरवा दोघंही एकदम मंदावले, तर आधी सामाईक निगेटिव्ह तपासावी. मोटरसायकलमध्ये करंटची परतीची वाट लोखंडी सांगाड्यातून जाते. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीला ती सोय नाही, बॅटरीपर्यंत वायरच न्यावी लागते. तिच्या सांध्यावर नुसती टेप गुंडाळली असेल, तर जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी झापांखाली असताना दमट हवा आपलं काम करते. हिरवा गंज इन्सुलेशनच्या आतून हातहातभर सरकतो. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर छाटत जायची, एवढाच उपाय. कल्हईची वायर घातली तर पुढची काही वर्षं बरी जातात, पण ती महाग, आणि लालसाठी पैसे कोण काढणार?

तरी एखादा नाखवा काढतो. वायर बदलते, स्विच नवा बसतो, संध्याकाळी होडी खाडीबाहेर पडते. आपला दिवा आपल्याला दिसत नाही, म्हणून तांडेल डावीकडून येणाऱ्या चुलतभावाला फोन लावतो.

"लाल दिसतो काय रे?"

"दिसतो की, झकास! पण दादा, तुमच्या डोलकाठीवरचा पांढरा कधीपासून बंद आहे?"