देणगी

सहावीत होते. कॉन्व्हेंटच्या लायब्ररीतल्या सिस्टरनी एक पुस्तक दिलं. म्हणाल्या, "वाच, एकदम स्वच्छ पुस्तक आहे." मॅडलिन लेंगलचं 'अ रिंकल इन टाइम', १९६२ चं. त्यात अंधाराशी लढणाऱ्यांच्या यादीत येशू आणि आइन्स्टाइन एकत्र आहेत. याच यादीवरून अमेरिकेतले काही ख्रिस्ती पालक चिडले, हे मला खूप नंतर कळलं.

मला आवडली मेग. गणितात हुशार, तरी शाळेत मागे, वर हट्टी. तिला देणगी मिळते ती तिच्याच दोषांची! आणि धाकट्या भावाला ती सोडवते ती मायेनं, गणितानं नाही.

मागच्या सेमला एम-थ्रीत बॅक लागला. हिंगणघाटला घरी सांगायची हिंमत होईना. रूममेट काही बोलली नाही. नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' उशाशी ठेवून मेसला गेली. मी कॉन्व्हेंटवाली, अक्षरं जुळवत वाचत बसले. एका गोष्टीला अर्धी रात्र गेली. यात देवदूत नाहीत, पण सिस्टरना बिनधास्त दाखवावं असंच पुस्तक.

सकाळी बाबांना फोन लावला. "बॅक लागला."

"बरं. नाश्ता केला का?"

मित्रांनो, एम-थ्री अजून बाकी आहे. भीती तेवढी गेली.