अ‍ॅनीचं सासरचं आडनाव

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या नणंदेकडे आयर्लंडला राहून आले. ती कॉर्क शहरात असते. एके दिवशी म्हणाली, "वहिनी, चला, तुम्हांला कोव्ह दाखवते." कॉर्कहून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत आपण या बंदरावर पोचतो. टेकडीवर उंच चर्च, उतारावर रंगीबेरंगी घरं आणि खाली समुद्र. 'टायटॅनिक'नं १९१२ साली शेवटचा थांबा घेतला तो इथंच. पण मला आठवण राहिली आहे ती धक्क्याजवळच्या एका पुतळ्याची. दोन लहान भावांना बरोबर घेऊन निघालेली ही मुलगी म्हणजे अ‍ॅनी मूर.

१८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडात मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४८ ते १९५० या काळात देशाबाहेर गेलेल्या साठ लाखांपैकी पंचवीस लाख याच बंदरातून गेले म्हणतात. अ‍ॅनीचे आईवडील आधीच न्यूयॉर्कला गेले होते. १८९१ च्या डिसेंबरात ती भावांना घेऊन 'नेव्हाडा' बोटीवर चढली. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नवी कचेरी उघडली आणि तिथं पहिलं नाव नोंदलं गेलं ते तिचं. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रांनी ती पंधरा वर्षांची असल्याचं छापलं. खरं तर ती सतरा वर्षांची होती!

आता खरी गंमत पुढेच आहे. ही मुलगी पुढे गेली कुठं? बरीच वर्षं सगळे सांगत, की ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये अपघातात वारली. तिथल्या कुटुंबाला मानानं बोलावणीही होत. पण मेगन स्मोलेन्याक या वंशावळी शोधणाऱ्या बाईंनी जुनी कागदपत्रं तपासली, तर टेक्सासची अ‍ॅनी मूर जन्मली होती अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात! मग आपली अ‍ॅनी कुठं हरवली?

मैत्रिणींनो, उत्तर आपल्याला परकं नाही. लग्न झालं आणि आडनाव बदललं. कागदावरची अ‍ॅनी मूर तिथंच संपली. २००६ साली तिचा पत्ता लागला तो भावामुळे. फिलिपचं आडनाव मूरच राहिलं होतं, त्याचा नागरिकत्वाचा कागद दप्तरात सापडला आणि त्या धाग्यानं पुढच्या पिढ्या मिळाल्या. अ‍ॅनी टेक्सासला कधी गेलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत, बेकरीत काम करणाऱ्या जोसेफ शायर याच्याशी तिनं संसार केला. अकरा बाळंतपणं झाली, पण निम्मी मुलंसुद्धा मोठी झाली नाहीत. १९२४ साली ती वारली. कबरीवर साधा दगडही नव्हता. तो बसला २००८ मध्ये.

आयर्लंडात असा शोध घेणं सोपं नाही. १९२२ च्या यादवीत डब्लिनचं सरकारी दप्तर जळालं, त्यात जुन्या खानेसुमारीचे बहुतेक कागद गेले. १९०१ आणि १९११ ची खानेसुमारी मात्र पूर्ण आहे आणि कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येते. १८६४ पासूनच्या जन्मनोंदी आहेत आणि मला फार आवडलं ते हे, की त्या नोंदीत बाळाच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा लिहिलेलं असतं. त्या एका रकान्यामुळे कितीतरी घराणी जुळली.

नणंद म्हणाली, "वहिनी, आपल्या आजींचं माहेरचं नाव काय हो?" मी गप्प झाले. आमच्याकडे सात पिढ्यांची वंशावळ कापडावर लिहिलेली आहे. तिच्यात पणजोबा आहेत, त्यांचे भाऊ आहेत, पण बाई एकही नाही. आजेसासूबाईंचं लग्नात नावही बदललं होतं, म्हणजे आडनावाबरोबर जन्मनावही गेलं. परत आल्यावर सासूबाईंना विचारलं. त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "कृष्णा म्हणत असत बहुतेक तिला माहेरी. आडनाव कुणी विचारलंच नाही गं कधी."

तेव्हा एवढंच करा. हिशेबाच्या वहीचं एक पान राखून ठेवा. आई, सासूबाई, आजी, आत्या, मावशी यांची जन्मनावं, माहेरची आडनावं, गाव आणि सालं लिहा. थकलेल्या माणसांना आधी विचारा, दिवाळीची वाट पाहू नका. आणि हो, शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घाला, लग्नाआधीचं. मी घातलंय. किती वर्षांनी लिहिलं, म्हणून सांगू!