सामाईक ट्रॉलीचा कमानपाटा

बैलगाडीला कमान नसते. रस्त्यांतील प्रत्येक खड्डा चाकांतून आंसांत, आंसांतून साट्यांत आणि साट्यांतून बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्यांत थेट पोंचतो. परंतु तिच्यांत झिजण्यासारखें जें असतें तें बहुतेक सारें डोळ्यांसमोर असतें. चाक डुलूं लागलें कीं पोरालाहि दिसतें, आणि आंस कुरकुरूं लागला कीं कोणीतरी आपण होऊन वंगण काढतो. पुढें ट्रॅक्टर आला व त्याच्या मागें जोडावयाची लोखंडी गाडी आली. तिला आमच्याकडे ट्रॉली म्हणतात. मोठ्या ट्रॉलीच्या पोटाखालीं पोलादी पट्ट्यांची कमान असते. ती धक्का स्वतःच्या अंगावर झेलते. झेलते म्हणूनच झिजते, आणि झिजते अशा ठिकाणीं कीं जेथें पाहावयास मनुष्याला जमिनीवर उताणें पडावें लागतें.

आमच्या तीन घरांची शेती अजून एकत्र आहे. ती धुळ्याच्या दक्षिणेस, लळिंगचा किल्ला दिसतो त्या बाजूला. ट्रॉली एकच आणि तीहि सामाईक. सामाईक वस्तूला मालक पुष्कळ असतात व वंगण घालणारा कोणीच नसतो, हा अनुभव कोणत्या एकत्र कुटुंबास नाहीं? खंडेनवमीला तिच्या कठड्यावर झेंडूची माळ मात्र न चुकतां पडते.

यंदा कापूस वेचणीस येण्यापूर्वीं ट्रॅक्टर चालविणाऱ्या गड्यानें सांगितलें, कीं ट्रॅक्टर सरळ जात असतांहि ट्रॉली एक खांदा पुढें काढून चालते. पाहिलें तों डाव्या टायरची कड कानसीनें घांसल्यासारखी झालेली. थोरल्या काकांच्या मतें टायर बदलला कीं प्रश्न मिटला. टायर हा दिसणारा रोग. मूळ त्याच्या हातभर अलीकडे होतें.

या कामाला धुळ्याइतकें सोयीचें गांव दुसरें नसावें. इ. स. १८१९ मध्यें कॅप्टन ब्रिग्जनें येथील नवी वस्ती सरळ गल्ल्यांची आंखली, आणि त्या गल्ल्या अजून क्रमांकानेंच ओळखल्या जातात. रस्त्याकडेच्या मिस्त्रींची वस्ती मात्र कोणी आंखली नाहीं. ती रहदारीनें वसविली. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात, आणि सोलापुराकडून येणारा तिसरा येथेंच त्यांस मिळतो. इतक्या मालगाड्या जेथून जातात, तेथें कमानपाट्याचें काम जाणणारे हात पिढ्यान् पिढ्या तयार व्हावयाचेच.

“काय व्हयनं?” एवढेंच मिस्त्रीनें अहिराणींत विचारलें आणि उत्तराची वाट न पाहतां तो खालीं शिरला. शिरण्यापूर्वीं मात्र त्यानें चाकांना दगडांची उटी लावविली, सांगाड्याखालीं लांकडी ठोकळे दिले, आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर अंग खालीं घालणाऱ्यांविषयीं एक शेलका शब्द काढला. मग पाट्याच्या टोकाशीं पहार घालून त्यानें हलकेच उचक दिली. जें टोक तसूभरहि हलावयाचें नाहीं, तें दांत पडावयास आलेल्या मुलाच्या दातासारखें हललें.

येथें थोडें यंत्रज्ञान सांगणें भाग आहे. कमान म्हणजे एकाखालीं एक ठेवलेल्या, क्रमानें आंखूड होत जाणाऱ्या पट्ट्या; यांनाच पाटे म्हणतात. सर्वांत लांब पाट्याचीं दोन्ही टोकें वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा सांगाड्याच्या हँगरमध्यें पक्का असतो; दुसरा शॅकलमध्यें, म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांच्या झोक्यांत असतो. कारण भार पडून कमान सपाट झाली कीं तिची लांबी वाढते, आणि त्या लांबीला जावयास वाट हवी. डोळ्यांत बुश, बुशांत पिन. बुश मुद्दाम मऊ धातूचें असतें. झिजावयाचें तें त्यानें झिजावें आणि पिनेला व डोळ्याला वांचवावें, हीच त्याची नेमणूक. आमच्या ट्रॉलींतील बुश एका बाजूनें कागदासारखें झालें होतें. मग पिन कंबरेंत बारीक झाली, डोळ्याचें भोंक अंड्याच्या आकाराचें झालें, आंसाचें एक टोक मागें सरलें, आणि टायर रस्त्यावरून फिरण्याऐवजीं फरफटूं लागला. काकांनीं नवा टायर घातला असता तर तोहि असाच गेला असता.

याहून वाईट गोष्ट पुढें निघाली. पाटे आंसाला घट्ट आवळणारे यू-बोल्ट सैल होते, आणि सर्व पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट मानेशीं अर्धा कातरला होता. आंसाला जागेवर धरणारा तो एकटाच उरला होता. तो तुटता तर भरल्या ट्रॉलीचा आंस एका बाजूनें मागें निसटता. लळिंगच्या उतारावर असें झालें तर ट्रॉलीचें काय होईल, हें मिस्त्रीनें तळहात उलटा करून दाखविलें.

आमच्या घरांत यावर दोन दिवस खल झाला. काकांचें म्हणणें, उघडून बसलेंच आहे तर दोन पाटे वाढवून घ्यावे. शेजाऱ्यानें तसें केलें आहे व तो आतां दीडपट माल नेतो. शेतकऱ्याला एक खेप वांचणें म्हणजे काय, हें आम्हांसहि कळतें. परंतु पाटे वाढविल्यानें आंस जाड होत नाहीं, बेअरिंग वाढत नाहीं, ब्रेकहि बलवान होत नाहींत. वाढतो तो फक्त धीटपणा. आमच्या आत्याचें घर यावल तालुक्यांत, केळीच्या मुलुखांत. तिचें मत फोनवरून आलें तें निराळ्याच कारणानें: कमान ताठ झाली कीं ट्रॉली उडते, खालीं पाल्याची गादी असली तरी घड घांसतात, आणि काळ्या पडलेल्या सालीचा भाव व्यापारी लगेच पाडतो. काकांना आमच्या तर्कापेक्षां हा व्यवहार अधिक पटला.

फुटूं लागलेला एक पाटा वेल्डिंगनें जोडावा ही सूचनाहि आली. मिस्त्रीनें ती ऐकूनच घेतली नाहीं. पाट्याच्या पोलादाला ताव देऊन, तेलांत विझवून, पुन्हा बेतानें तापवून लवचिकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आंचेनें तो त्या जागीं नाहींसा होतो, आणि सांध्याच्या शेजारींच नवी चीर जाते. तेव्हां तो पाटा बदलला, बसलेल्या कमानींना पुन्हा ताव देऊन बांक भरला, आणि बुश, पिना, सेंटर बोल्ट व यू-बोल्ट दोन्ही बाजूंचे नवे घातले. एकच बाजू नवी केली तर ट्रॉली पुन्हा कलती राहते.

भरल्या ट्रॉलीची पहिली खेप झाल्यावर नट पुन्हा आवळावे, असें मिस्त्रीनें बजावलें होतें. धाकट्या पुतण्यानें पाना लावला. प्रत्येक नटानें जवळ जवळ अर्धा फेरा आणखी घेतला. ग्रीस घालण्याच्या पाळ्या आतां स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर तिन्ही घरांच्या नांवानें लिहिल्या आहेत. पहिली पाळी आमची होती, ती झाली.

उरला प्रश्न वेचणीच्या बायांचा. संध्याकाळीं त्या कापसाच्या ढिगावर बसून याच ट्रॉलींतून गांवांत येत. मालाच्या गाडींत माणसें बसवूं नयेत असें कायदा सांगतो. आणि तरीहि हें सगळीकडे चालतें, हेंहि कोणास नवें नाहीं. कातरलेला सेंटर बोल्ट घरीं आणला तेव्हां काकूंनीं तो हातांत घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “उद्यांपासून बायांना रिक्षा.” काका म्हणाले, आतां तर ट्रॉली नवी झाली! काकूंनीं बोल्ट देवळीजवळच्या कोनाड्यांत ठेवला. रिक्षा रोज येते. तिचें भाडें तिन्ही घरांनीं सारखें वांटून घ्यावें, कीं ज्याच्या वांट्याची वेचणी त्यानें द्यावें, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.