गाणाऱ्या पाहुण्याला काय दाखवाल?

महाबळेश्वरला येणारा पाहुणा बहुधा डोळ्यांनी फिरतो. ऑर्थरसीट, केट्स पॉइंट, वेण्णा तलाव, बाजारात चण्याची पुडी, परतताना जॅमची बाटली आणि स्ट्रॉबेरीची पेटी, की झाले महाबळेश्वर! पण पाहुणा गाणारा-वाजवणारा असला तर? आपल्या खेड्यांतही आता असे पाहुणे येतात. कुणाचा जावई तबलजी असतो, कुणाच्या मुलीला गाणे शिकवणाऱ्या बाई सुट्टीत चार दिवस येतात, कुणाच्या भजनी मंडळाचे कोकणातल्या मंडळाशी येणे-जाणे असते. अशा माणसाला नुसते पॉइंट दाखवून परत पाठवणे म्हणजे पैलवानाला अर्धा कप चहा पाजून वाटेला लावण्यासारखे आहे.

खात्याच्या कामानिमित्त सातारा-सांगली हे दोन्ही जिल्हे मी बरेच पायांखाली घातले. पिके पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. महाबळेश्वरात उगम पावणारी कृष्णा जिथून जिथून वाहत जाते, तिथे तिथे तिच्या काठी कुणी ना कुणी मोठा गाणारा, नाटकवाला, शाहीर होऊन गेला आहे. तेव्हा गाणाऱ्या पाहुण्याला कृष्णेबरोबर खाली उतरवावे, हा माझा सल्ला.

सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरातच करा. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते. गर्दी नसलेल्या वेळी तिथे डोळे मिटून पाच मिनिटे बसायला सांगा. दगडी मंडपात त्या एका धारेचा आवाज जो घुमतो, तो कान तयार असलेल्या माणसाला बरोबर समजतो.

पावसाळ्यात पाहुणा येणार असेल तर आधीच कळवा, की वाद्य घरी ठेवून या. इथे वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दमटपणात तबल्याची शाई-पुडी सैल पडते, तंबोरा क्षणाक्षणाला उतरतो आणि कलावंत बिचारा गाणे सोडून वाद्य लावीत बसतो. कान मात्र जरूर आणावेत. याच दिवसांत पहाटे ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर पक्षी गातो. निळसर काळा, साळुंकीपेक्षा थोडा मोठा. एखादे पोर चालता चालता उनाडपणे शीळ घालीत जावे तशी त्याची तान असते. वाद्यासकट यायचे तर दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम.

पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की गणपतीचे दर्शन घ्या आणि तिथून जवळच मेणवलीला चला. नाना फडणविसांचा वाडा आणि घाट लोक पाहतात, सिनेमावाल्यांनी तो घाट गाजवलाही आहे. गाणाऱ्या माणसाने पाहायची वस्तू घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळाशी टांगलेली आहे. ती म्हणजे पोर्तुगिजांची मोठी घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचे चित्र आजही दिसते. एक ठोका दिला, की तिचा नाद पाण्यावरून पलीकडे जाऊन किती तरी वेळ राहतो. पाहुणा जाणकार असेल तर ती कोणत्या पट्टीत बोलते ते लगेच सांगेल. आपल्याकडे शंकराने मेरीची घंटा अडीचशेहून अधिक वर्षे सांभाळली आणि गावाला त्यात कधी काही वावगे वाटले नाही.

साताऱ्यात कंदी पेढे घ्या आणि नदीचा काठ थोडा सोडून रहिमतपूरच्या वाटेने औंधला जा. हे माण-खटावच्या बाजूचे, पाऊस मोजूनमापून पडणारे गाव. टेकडीवर यमाई, टेकडीच्या अंगाला पंतप्रतिनिधींनी उभारलेले चित्रांचे संग्रहालय. पण गाणाऱ्याला औंधची ओढ असते ती संगीत महोत्सवाची. ग्वाल्हेर घराण्याचे गवई अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली तो सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गाण्यात आणि व्हायोलिनवादनात सारखेच नावाजलेले. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यपरिवाराने तो पुढे चालवला. आश्विन वद्यात, सुगीच्या दिवसांत तो होतो. शहरात ज्यांच्या बैठकीला तिकीट काढावे लागते असे कलावंत तिथे येऊन गातात, आणि ऐकायला समोर गावकरी असतात. बाजरी काढून झालेला माणूस घोंगडे टाकून रात्र रात्र ख्याल ऐकतो, हे दृश्य पाहुण्याने एकदा तरी पाहायला हवे.

पुन्हा नदीला लागू. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहून वाळवे तालुक्यात शिरलात की रेठरे हरणाक्ष लागते. पठ्ठे बापूरावांचे, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचे हे गाव. १८६६ साली जन्मलेला हा कुळकर्ण्यांचा मुलगा वतन, जात सारे सोडून तमाशाच्या फडात उभा राहिला आणि त्याच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या. पलूस तालुक्यात नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. (सातारा-कऱ्हाड रस्त्यावरही एक नागठाणे आहे. पाहुण्याला एस.टी.त बसवून देताना नीट सांगा, नाहीतर तो तिथेच उतरायचा!) आणि पलूस गावाचे नाव तर पलुसकर घराण्याने देशभर नेले. एका दिवसात ही तिन्ही गावे सहज होतात, आणि चहूकडे उसाचे हिरवे फड पाहत जाण्यात दिवस मजेत जातो.

सांगली ही नाटकाची पंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी इथल्या संस्थानिकांपुढे ‘सीतास्वयंवर’ केले. तो दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. दीनानाथ मंगेशकरांचे बिऱ्हाड काही वर्षे सांगलीत होते. आशाबाईंचा जन्म इथलाच, १९३३ सालचा. पण गावातच थांबू नका, हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ, आणि ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे हे गाव. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्याच्या चालीवर त्या नाटकाने १८९९ साली जो घाव घातला, तो गाण्यांच्या जोरावरच घराघरांत पोचला. शेतकरी वाचकांनी हरिपुरात आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे हळदीची पेवे. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद किडीशिवाय राही. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पाण्याखाली गेली आणि त्यानंतर पेवांची रया गेली ती गेलीच.

आता मिरज. माझ्या मते सारा प्रवास मिरजेसाठी करावा आणि बाकीची गावे वाटेत आली असे समजावे.

ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. जवळच्या कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेले विष्णू दिगंबर पलुसकर, लहानपणी शोभेच्या दारूने डोळे अधू झाल्यावर, त्यांच्याकडेच शिकले आणि पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेकडचे, पण मिरजेचे होऊन गेले. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांना बरे वाटेना. ते एका छोट्या स्टेशनावर उतरले, फलाटावरच अंथरूण टाकून ईश्वराचे नाव सुरांत घेतले आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली गाणे होते. देशातले मोठमोठे गवई तिथे हजेरी लावून गेले. या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे. नवरात्रात याच गावात अंबाबाईच्या देवळात संगीताचा उत्सव होतो. गाणारे तेच, ऐकणारेही तेच.

दर्ग्यापासून फार लांब न जाता सतारमेकर गल्ली विचारा. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, हत्यारांचे काम सुटत चालले तेव्हा वाद्ये करायला घेतली. फरीदसाहेब हे त्यांतले आद्य नाव. आज त्या घराण्यांच्या पुढच्या पिढ्या तंबोरा, सतार, दिलरुबा आणि भजनातली वीणा करतात. आपल्या गावच्या सप्ताहात सात दिवस, सात रात्री जी वीणा खाली ठेवीत नाहीत, ती यांपैकीच कुणा हातची असण्याचा संभव पुष्कळ. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आणि सांगलीच्या हळदीला आहे तेच हे.

दुकानात बसून एकदा जवारी लावताना बघा. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने अगदी केसभर घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. तारेखाली सुताचा धागा सरकवतात आणि एका ठिकाणी तो असा बसतो, की चार तारांतून दहा तारा बोलू लागतात. एका वयस्क कारागिराला मी विचारले, “चाचा, हे शिकायला किती वर्षं लागतात?” हात न थांबवता ते म्हणाले, “साहेब, हात पाच वर्षांत शिकतो. कान कधी शिकेल ते सांगता येत नाही.” खाँसाहेब अब्दुल करीम स्वतः जवारी काढण्यात तरबेज होते. मिरजेत ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात.

आणि आता आपल्या कामाचे. तंबोऱ्याची दांडी तून नावाच्या झाडाच्या लाकडाची, पण त्याचे पोट म्हणजे शेतातला भोपळा! पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी काही शेतकरी खास वाद्यांसाठी हा भोपळा लावतात. दुधीच्याच कुळातला, पण घागरीएवढा वाढणारा आणि कडूजहर. कडू असल्यामुळे माणूस-जनावर त्याला तोंड लावीत नाही. (ओघाने सांगतो: घरचा दुधीसुद्धा चाखून कडू लागला तर फेकून द्यावा. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत.) फळ कोवळे असतानाच खाली पेंढा घालतात, म्हणजे बूड कुजत नाही. देठ वर राहील असे ते बसवतात, म्हणजे आकार गोल येतो. वेल सुकेपर्यंत फळ काढायचे नाही, पुढे काही महिने ते वाळू द्यायचे. सालीला जाडी हवी आणि ती सगळीकडे सारखी हवी. कारागीर बोटाने टिचकी मारून पारखतो. अवकाळी पाऊस नेमका वाळवणीत आला तर डाग पडतो, बुरशी धरते, आणि वर्षाची मेहनत उकिरड्यावर जाते.

इथे काळजीची गोष्ट आहे. पाणी आले की शेतकरी उसाकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही, उसाला कारखाना आहे, भोपळ्याला ठरावीक गिऱ्हाईक. त्यात तंबोऱ्याच्या जागी विजेवरची पेटी आली, आता मोबाईलमध्येही तंबोरा वाजतो. सतारमेकरांची मुले नोकरीकडे बघतात. बनावटी भोपळेही निघाले आहेत, प्रवासाला ते सोयीचे आहेत हे खरे. पण पाहुण्याला दुकानात दोन्ही छेडून पाहू द्या आणि त्याचा चेहरा बघा.

मानांकन मिळाल्याने नाव राखले गेले, भाव मात्र आपोआप मिळत नाही. भीमाकाठच्या दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मिरजेच्या कारागिरांशी हंगामाआधीच आकार, जाडी आणि दर ठरवून घेतला तर दोघांचेही भले आहे. बांधाला, पडीक कोपऱ्यात चार वेल लावून अनुभव घ्यायलाही हरकत नाही. मात्र खाण्याच्या दुधीजवळ लावू नका, परागीकरणाने बियाणे बिघडते आणि पुढच्या वर्षी घरच्या दुधीत कडूपणा येण्याचा धोका राहतो. बी पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या शेतकऱ्यांकडूनच घ्यावे. ते हवे असेल तर मिरजेच्या कुठल्याही सतारमेकराला विचारा. कोणत्या गावाहून आपला भोपळा येतो हे त्याला तोंडपाठ असते.