अण्णांची निळी होडी



एरवी मी इथे लोणची, पापड, उपवासाचं पारणं अशा विषयांवर लिहिते. आजचा विषय वेगळा आहे. गेला महिनाभर मी रोज सकाळी घरचं आवरून दोन तास एक होडी घासत होते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. 2005 चा पूर ओसरल्यावर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, एक जुनी फायबरची होडी विकत आणली. तेव्हा घरात सगळे हसले होते. ऊसवाल्याला होडी कशाला? पण 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी जोत्याला लागलं आणि बघता बघता सोप्यात आलं, तेव्हा त्याच होडीतून आम्ही बाहेर पडलो. सासूबाई मांडीवर पोथी आणि पाणी गाळायचं कापड घट्ट धरून बसल्या होत्या. आम्हाला सोडून अण्णांनी गल्लीतल्या लोकांसाठी आणखी चार फेऱ्या मारल्या. होडीत आठाच्या वर माणूस घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. कुणी कितीही विनवलं तरी "थांबा, परत येतो" एवढंच म्हणायचे. त्याच पुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेल्याची बातमी आली, तेव्हा त्या नियमाची किंमत आम्हाला कळली.

2021 ला पाणी वाढायला लागल्यावर आम्ही आधीच गाडीने निघालो. होडी गोठ्यामागे पालथीच राहिली. पुढे अण्णा गेले, आणि तिच्याकडे बघायचं कुणाच्या मनात येईना.

यंदा उन्हाळ्यात आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) एकदम विचारलं, "होडी आहे का गं अजून?" मी त्यांना हाताला धरून गोठ्यामागे नेलं. निळी होडी पार पांढरट पडली होती. आईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि तळवा माझ्यापुढे धरला. खडूची भुकटी लागावी तसा पांढरा. म्हणाल्या, "ही तर जळून गेली. हिच्यात मी नाही बसायची." त्यांचे गुडघे आता चालू देत नाहीत. उद्या अचानक पाणी आलं तर त्यांना न्यायचं कसं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून झोपू देईना.

ह्यांचं म्हणणं सोपं होतं. "निळ्या ऑइलपेंटचे दोन डबे आणतो, रविवारी मारून टाकू." मीही हो म्हणणार होते. पण आमच्या धाकट्या भावजींचे एक मित्र मालवणकडे पर्यटकांच्या बोटींवर काम करतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "वहिनी, भुकटीवर रंग टिकत नाही, पापुद्रे सुटतात. आधी बघा, आहे ते परत येतंय का."

तेव्हा मला कळलं की होडीचा निळा रंग वरून मारलेला नव्हताच. फायबरची होडी साच्यात तयार करतात. साच्याला आधी रंग मिसळलेल्या राळेचा थर देतात, त्याला जेलकोट म्हणतात. मग त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि राळ बसवत जातात. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि खालच्या धाग्यांचं पाण्यापासून रक्षण तोच करतो. वर्षानुवर्षं ऊन लागलं की त्याची वरची राळ खराब होते आणि भुकटी सुटते. आईंच्या तळव्याला लागली ती हीच. खाली चांगला थर शिल्लक असेल तर तेज परत आणता येतं.

ते बघायची युक्ती अगदी सोपी आहे. साबणाने धुऊन झाल्यावर एका जागी पाणी शिंपडायचं. ओल्या जागी मूळ रंग दिसला तर आशा आहे. आमच्या होडीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि गर्द निळा रंग वर आला. मला तर अण्णाच दिसले! काठावरचा पट्टा मात्र वेगळा होता. थिनर लावलेल्या फडक्याला त्याचा रंग लागला, म्हणजे तो अण्णांनी नंतर मारलेला साधा रंग. तो खरवडून नवीन द्यायचा आणि बाकीची होडी घासून चकाकवायची, असं ठरलं.

पण आधी एक काम आपल्या घरातलं. पालथ्या होडीखाली मुंग्या, पाली, एक बेडूक असा मोठा संसार होता. धुवायला घेतली असती तर सगळे गेले असते. म्हणून एक कड विटांवर उचलून तीन दिवस तशीच ठेवली. सावली आणि ओल गेल्यावर सगळे आपापले निघून गेले. उरलेल्या मुंग्या मऊ कुंचल्याने हळूच बाजूला केल्या आणि मगच पाण्याला हात लावला.

दुसरी अडचण दुकानात आली. चकाकी टिकवायला शेवटी मेण लावतात. पहिल्याच डब्यावर बारीक अक्षरात मधमाशीचं मेण लिहिलेलं. आपण मध खात नाही, मग त्यांचं मेण होडीला कसं फासायचं? दुकानदार वैतागला, पण शोधाशोध करून त्याने कारनौबाचं मेण दिलं. ते ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून काढतात. मशिनला लावायची घासणीही मेंढीच्या लोकरीची निघाली, म्हणून फोमची घेतली. फोमला वेळ जास्त लागतो हे खरं. पण काम घरचं आणि वेळही घरचाच.

आता कृती, लोणच्यासारखीच क्रमाने.

होडी सावलीत घ्यावी, उन्हात लावलेलं काहीही लगेच वाळतं. सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. मग हातभर जागेवर आधी नुसतं रबिंग कंपाउंड लावून बघावं. तेवढ्याने भागलं तर पॉलिश पेपर लावूच नये, कारण प्रत्येक घासणीत थोडा थर जातोच. आमची होडी फार वाळली होती, म्हणून 800 नंबरचा पाणपेपर, मग 1000, मग 1500, असं पाणी सोडत घासलं. घासण्याआधी पेन्सिलीच्या पुसट रेघा ओढाव्यात. रेघ गेली की त्या जागी हात थांबवावा. कडा आणि कोपरे जपावेत, तिथला थर आधी संपतो. मग मशिन कमी वेगावर ठेवून दोन फूट बाय दोन फूट जागेत कंपाउंड फिरवावं. एका जागी थांबलं तर पृष्ठभाग तापतो आणि डाग पडतो. त्यावर बारीक पॉलिश आणि शेवटी मेणाचे दोन हात. तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच. घासलेलं पाणी नदीकडे जाऊ देऊ नये. खोबरेल तेल चोळून चकाकी आणणारेही भेटतात. ती चार दिवसांची, वर धूळ चिकटते ती वेगळी.

बाराव्या दिवशी एक बाजू पूर्ण झाली. आईंना खुर्चीवर बसवून दाखवली. निळ्यात त्यांचा चेहरा दिसत होता. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आता बसेन हो मी." त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नाळेकडचा भाग घासताना पांढऱ्या भुकटीखालून एक बारीक रेघ निघाली. पेन्सिलीची समजून मी पुसत राहिले, ती पुसेना. मालवणच्या भावजींना फोटो पाठवला. ते म्हणाले, "जेलकोटला केसासारख्या भेगा पडतात, त्या वरच्यावर असतात. तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका आणि आवाज ऐका." सगळीकडे टण् टण् वाजत होतं. त्या रेघेपाशी ओल्या लाकडासारखं बद्द वाजलं. आतले थर सुटले होते. 2019 ला पाण्याखालच्या कुठल्यातरी कुंपणाच्या भिंतीवर होडी आदळली होती. ती त्याचीच खूण असावी.

खरं सांगते, दोन दिवस मी गप्प बसले. वरून लांबी भरून पॉलिश केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. आईंचा बसलेला विश्वास मोडायचा माझा जीव होत नव्हता. पण रोज संध्याकाळी आईंच्या शेजारी बसून सामायिक करायचं आणि त्यांना बसायचं आहे त्या होडीबद्दल असं लपवायचं, हे जमेना. तिसऱ्या दिवशी त्यांची माळ संपल्यावर सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझे अण्णा असते तर आधी ठोकून बघितली असती आणि मग पुसली असती."

माझी चूक त्यांनी एका वाक्यात दाखवली. मी क्रमच उलटा केला होता. खरं तर भुकटी दिसायला वाईट, पण तिने होडी बुडत नाही. होडी बुडवणारी गोष्ट तिच्याखाली मुकाट असते. ह्यांनी रविवारी रंग मारला असता तर ती भेग आणखी एका थराखाली गेली असती, आणि आम्ही आठ माणसं निश्चिंत मनाने तिच्यात बसलो असतो.

जयसिंगपूरहून पाण्याच्या टाक्या बनवणारे एक फायबरचे कारागीर आले. त्यांनी बद्द वाजणारा सगळा भाग उतरता घासून काढला, आतून-बाहेरून चटईचे थर राळेत बसवले आणि वरून नवा जेलकोट दिला. नवा निळा जुन्याशी जुळला नाही. ताटाएवढा गडद डाग राहिला. मिसळून देऊ का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाल्या, "राहू दे. कुठे बघायचं ते कळेल."

गेल्या आठवड्यात आमच्या शेततळ्यात होडी सोडली. लाइफ जॅकेट घालून हे आणि भावजी तासभर बसले. आत थेंबही आला नाही. काठाला नवा पांढरा पट्टा दिलाय आणि त्यावर मोठ्या अक्षरात "आठ माणसे" लिहिलंय. होडी आता पत्र्याच्या सावलीत असते. दरवर्षी पावसाळ्याआधी धुवायची, सगळीकडून ठोकून बघायची आणि मगच मेण लावायचं, असा नेम केला आहे.

आई परवा परत तिच्यापाशी गेल्या. त्या गडद डागावर हात फिरवला आणि तळवा उलटून बघितला. मग पदराला न पुसता तसाच माझ्या पाठीवर ठेवला.

पाणी न येवो, हीच प्रार्थना. आलंच तर आमच्या गल्लीत होडी तयार आहे.